दमयंतीची निवड आणि बेलाची

गेल्या महिन्यांत संपादकांनीं एका वाचकभगिनींचें पत्र आमच्याकडे धाडलें. या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतल्या आहेत. त्यांची कन्या तेरा वर्षांची, आठवींत शिकते. तिच्या दप्तरांत सांपडलेलें एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मामंजींनीं काढून घेतलें आणि आपल्या कपाटांत कुलुपाआड ठेवलें. त्या दिवसापासून नात आजोबांशीं बोलत नाहीं. संध्याकाळचा त्यांचा चहासुद्धां दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं पाठविते. पुस्तकाचें नांव 'ट्वायलाइट', म्हणजे संधिप्रकाश. भगिनी लिहितात: 'रक्त पिणाऱ्या पिशाच्चावर जीव टाकणाऱ्या मुलीची गोष्ट आमच्या मुलीनें वाचावी काय? मामंजी म्हणतात, मुळींच नाहीं. हे म्हणतात, वर्गांतल्या साऱ्याच मुली वाचतात, तुम्ही कुणाकुणाला अडवणार? मी दोघांच्या मधें उभी आहें.'

असल्या प्रश्नाचें उत्तर पुस्तक न उघडतांच देण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. मराठींत कादंबरी जन्मास आली आणि तिच्याविषयींची काळजी तिच्या पाठोपाठच आली. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं नावल व नाटक यांविषयींचा आपला निबंध लिहिला तो १८७२ सालीं. पुढें 'मुक्तामाला' विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत जाऊन बसली, आणि ज्या मुलांस ती वाचूं नका म्हणून सांगितलें असेल त्यांच्याच पणतवंडांस ती वाचल्यावांचून गुण मिळेनासे झाले. तेव्हां आम्हीं चष्मा पुसून मूळ पुस्तकच हातीं घेतलें. सुमारें पांचशें पानें. चार रात्री लागल्या. मग त्याचे पुढचे तीन भागही वाचले. भाषा सोपी आहे. अमेरिकन मुलांच्या बोलींतले कांहीं शब्द अडले ते सूनबाईंनीं सोडविले.

ज्यांनीं हें पुस्तक पाहिलेलें नाहीं त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगतों. बेला ही सतरा वर्षांची मुलगी. तिच्या आईबापांचा काडीमोड झालेला आहे. आईनें दुसरें लग्न केलें, तेव्हां त्या दोघांच्या संसारांत आपली अडचण नको म्हणून ही मुलगी अरिझोनांतील उन्हाचें फीनिक्स शहर सोडून बापाकडे राहावयास जाते. बाप वॉशिंग्टन राज्यांतील फोर्क्स नांवाच्या एका लहान, सदा पावसाळी गांवांत पोलीसप्रमुख आहे. शाळेंत जीवशास्त्राच्या तासाला तिच्याशेजारीं एडवर्ड नांवाचा एक देखणा, फिकट, अबोल मुलगा बसतो. पहिल्या दिवशीं तो तिच्याकडे अशा नजरेनें पाहतो कीं, हिनें त्याचा कांहीं अपराध केला असावा. खरें कारण हें कीं, तिच्या रक्ताचा गंध त्यास असह्य होतो. तो दिसतो सतरा वर्षांचा, पण जन्म १९०१ सालचा! १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत शिकागो येथें तो मरणपंथास लागला असतां कार्लाइल नांवाच्या एका डॉक्टरानें, जो स्वतःच त्या जातीचा होता, त्यास आपल्यासारखें करून घेतलें. हें डॉक्टरांचें कुटुंब माणसाचें रक्त पीत नाहीं; रानांत जाऊन जनावरांच्या रक्तावर भागवितें आणि स्वतःस थट्टेनें शाकाहारी म्हणवितें. (हा विनोद आमच्या घरीं जेवतांना सांगितला तेव्हां मुलें पोट धरून हंसलीं, आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र पान वाढतां वाढतां विषय बदलला.)

युरोपांत या जातीच्या पिशाच्चांस 'व्हॅम्पायर' म्हणतात. लॉर्ड बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी यानें १८१९ सालीं त्यास खानदानी सरदाराचा वेष चढविला, आणि ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला'नें त्याचें नांव जगभर नेलें. आपल्या वेताळाशीं त्याचें गोत्र जुळत नाहीं. सोमदेवाच्या कथासरित्सागरांतला वेताळ स्मशानांतील प्रेतांत शिरून बसतो हें खरें, पण त्याची भूक रक्ताची नसून उत्तराची आहे. राजास गोष्ट सांगावी, न्यायाचा पेंच घालावा, आणि राजा बोलला कीं पुन्हां झाडावर जाऊन लोंबकळावें. रिचर्ड बर्टन या इंग्रजानें १८७० सालीं या कथांचें रूपांतर 'विक्रम आणि व्हॅम्पायर' या नांवानें छापलें, तेव्हांपासून इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मनांत दोहोंची भेसळ झाली आहे.

या कादंबरीच्या लेखिका स्टेफनी मेयर. मॉर्मन पंथाच्या, तीन मुलांच्या आई. २ जून २००३ रोजीं पहांटे त्यांस स्वप्न पडलें कीं, रानांतील एका कुरणांत एक मुलगी आणि उन्हांत हिऱ्यासारखा चमकणारा एक तरुण बोलत उभे आहेत. तें स्वप्न आतां पुस्तकाचें तेरावें प्रकरण आहे. उन्हांत चमकणाऱ्या नायकास लपविण्यासाठीं अमेरिकेंतलें सर्वांत पावसाचें ठिकाण हवें होतें, म्हणून शोध करून त्यांनीं फोर्क्स निवडलें; तें गांव तोंवर त्यांनीं पाहिलेंही नव्हतें. पुस्तक ऑक्टोबर २००५ मध्यें निघालें. २००६, २००७ आणि २००८ या तीन सालांत पुढचे तीन भाग आले, २००८ ते २०१२ या काळांत पांच चित्रपट झाले, आणि पुस्तकांच्या दहा कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या. आमचा शिक्षकी खोडसाळपणा असा कीं, फोर्क्सला वर्षाला सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपल्या महाबळेश्वरास त्याच्या जवळजवळ दुप्पट. परंतु आपला पाऊस चार महिन्यांत आटोपतो; उरलेले आठ महिने या कुटुंबानें महाबळेश्वरीं काय केलें असतें, हा प्रश्नच आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. मर्त्य आणि अमर्त्य यांचें प्रेम हा विषय मामंजींस परका वाटण्याचें कारण नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद आहे. गंगा शंतनूच्या घरीं नांदून गेली. हिडिंबेनें भीमास वरिलें. पण या कादंबरीशेजारीं ठेवण्याजोगी खरी कथा वनपर्वांतील नलोपाख्यानाची आहे. दमयंतीच्या स्वयंवरास इंद्र, अग्नि, वरुण आणि यम हे चौघे लोकपाल नळाचेंच रूप घेऊन बसले. समोर पांच नळ! तिनें देवांचीच प्रार्थना केली, आणि त्यांनीं आपलीं चिन्हें प्रकट केलीं. चौघांच्या अंगावर घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यांतील माळा ताज्या होत्या, पाय भूमीस टेंकले नव्हते, सावली पडत नव्हती. पांचव्याच्या अंगावर धूळ होती, घाम होता, माळ कोमेजली होती, डोळे मिटत-उघडत होते आणि त्याची सावली जमिनीवर पडली होती. तिनें त्या पांचव्यास माळ घातली.

वर्गांत हा भाग शिकवितांना आम्ही मुलांस विचारीत असूं कीं, देवांची लक्षणें अधिक सुंदर असतांना हिनें घामेजलेला कां निवडला? उत्तरें नाना प्रकारचीं येत. एका मुलीचें उत्तर आम्हांस आठवतें. ती म्हणाली, 'ज्याची माळ कोमेजते त्यालाच दुसरी माळ लागते ना, गुरुजी.'

बेलाची निवड नेमकी उलट आहे. तिच्यासमोरही अमानुषाचीं चिन्हें एकामागून एक येतात. थंडगार दगडासारखी कातडी, झोंप नाहीं, अन्न नाहीं, छातींत ठोका नाहीं, तहानेनें काळे आणि तहान भागली कीं सोनेरी होणारे डोळे. तींच पाहून ती त्यास वरिते. इतकेंच नव्हे, मलाही तुझ्यासारखें कर, माझी माळ कोमेजूं देऊं नको, हा तिचा पहिल्या पुस्तकाच्या अखेरपासूनचा हट्ट आहे. एडवर्ड नको म्हणतो. तूं माणूस राहा, शीक, कॉलेजांत जा, असें तो परोपरीनें विनवितो. लग्नाआधीं मर्यादा ओलांडावयाची नाहीं हें तर त्याचें व्रतच आहे, आणि या बाबतींत तो आमच्या पिढीच्या कोणाही सनातनी गृहस्थास शोभेल. मामंजींस जी भीति वाटते ती या पहिल्या पुस्तकांत नाहीं, हें आम्ही खात्रीनें सांगतों. तेरा वर्षांच्या मुलीनें वाचूं नये असें चुंबनापलीकडलें त्यांत कांहीं नाहीं.

आम्हांस खुपलें तें दुसरेंच. मुलगी झोंपली असतां हा तरुण रात्रीं खिडकींतून तिच्या खोलींत येतो आणि तिच्याकडे पाहत बसतो. एकदां नव्हे, अनेक रात्री, तिला ठाऊक नसतां. तें कळल्यावर तिला राग येत नाहीं. उलट सुख वाटतें! तिसऱ्या भागांत ती आपल्या मित्राकडे जाऊं नये म्हणून तो तिच्या गाडीच्या यंत्राचा एक भाग काढून ठेवितो, आणि बहिणीस लांच देऊन हिच्यावर पाळत बसवितो. हें सगळें कां, तर तिच्या जिवाच्या काळजीनें. आमच्या देशांत मुलीची इच्छा नसतां तिचा पाठलाग करणें हा २०१३ सालापासून दंडसंहितेंत स्वतंत्र गुन्हा झाला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तो कलम ७८ खालीं येतो. तो कायदा कां करावा लागला, हें वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणत्याही घरास सांगावयास नको. मागें लागणें, नजर ठेवणें, मैत्रिणींपासून तोडणें, आणि त्यालाच प्रेम म्हणणें, हा धडा आमच्या मुली सिनेमांतून लहानपणापासून गिरवीत आल्या आहेत. गांवोगांवच्या शाळांच्या फाटकाबाहेर आम्हीं त्याचे परिणाम पाहिले आहेत. एडवर्ड सुंदर आहे, संयमी आहे, पियानो वाजवितो. म्हणून तोच धडा त्याच्या तोंडून अधिक गोड लागतो.

दुसरा भाग आम्हांस पहिल्यापेक्षां अधिक चिंतेचा वाटला. माझ्या सहवासांत हिला धोका आहे असें ठरवून एडवर्ड निघून जातो. त्यानंतर पुस्तकांत कांहीं पानें कोरीं आहेत. त्यांवर फक्त महिन्यांचीं नांवें. ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. मुलगी खिडकीपाशीं बसून आहे आणि दिवस जात आहेत, एवढेंच सांगावयाचें आहे. लेखिकेची ही युक्ति फार परिणामकारक आहे, हें कबूल केलें पाहिजे. मग त्या मुलीस असा शोध लागतो कीं, जीव धोक्यांत घातला कीं त्याचा आवाज कानीं येतो. म्हणून ती मोटारसायकल भरधाव सोडते, अखेरीस समुद्राच्या कड्यावरून उडी टाकते. ती वांचते, तो परत येतो, सर्व गोड होतें. पण तेरा-चवदा वर्षांच्या मुलीच्या मनांत प्रश्न राहतो तो हा कीं, तो परत आला नसता तर त्या कोऱ्या पानांपुढें काय होतें? बाप घरांत होता, शाळा होती, जेकब नांवाचा एक मित्र गॅरेजमध्यें बसून तिच्यासाठीं मोडक्या गाड्या जुळवीत होता. कादंबरीस त्यांत पुरेसें सुख दिसत नाहीं. दमयंतीचा नळ तिला अरण्यांत निजलेली टाकून गेला, अर्धें वस्त्र कापून नेलें. ती रडली, भटकली, चेदिराजाच्या घरीं सैरंध्री होऊन राहिली, मग माहेरीं येऊन ब्राह्मण चोहोंकडे पाठविले, सांकेतिक प्रश्न घातले आणि अखेरीस खोट्या स्वयंवराची युक्ति काढून नवऱ्यास शोधून काढिलें. तिच्या कथेंत कोरें पान एकही नाहीं.

लेखिकेवर हा आक्षेप तिच्या देशांतही पुष्कळ झाला. तिनें २०१५ सालीं, पहिल्या पुस्तकास दहा वर्षें झालीं तेव्हां, सगळी गोष्ट पुन्हां लिहिली. त्यांत मुलगा मर्त्य, बो नांवाचा, आणि पिशाच्च मुलगी, ईडिथ. संकटांत सांपडणारी व्यक्ति मुलगी असते म्हणून नव्हे, माणूस असते म्हणून दुबळी दिसते, असें तिला दाखवावयाचें होतें. प्रयोग रंजक आहे. पण बो वाचतांना आम्हांस जें थोडें विचित्र वाटलें, तें बेला वाचतांना अनेक वाचकांस स्वाभाविक वाटलें होतें. हा फरक वाचणाऱ्यांच्या मनांतला आहे, आणि तो घरांत बसून बोलण्यासारखा आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतों. ती पुस्तकाच्या परीक्षणांत फारशी येत नाहीं. जेकब हा क्विल्यूट जमातीचा. ही जमात खरीच आहे. फोर्क्सच्या जवळ समुद्रकांठीं ला पुश येथें ती राहते. आमचे पूर्वज लांडग्यांपासून माणसें झाले, अशी त्यांची पुराणकथा आहे. पण रात्रीं लांडगा होऊन रक्तपिपासूंशीं लढणें हें सर्व कादंबरीचें. सिॲटल येथील बर्क म्युझियमनें जमातीच्या साहाय्यानें खरें काय आणि कादंबरींतलें काय, हें सांगणारा उपक्रम पुढें केला. त्यांच्या भाषेची एक गंमत संस्कृताच्या विद्यार्थ्यांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं: तींत अनुनासिक व्यंजनें नाहींत. ज्या भाषेंत म नाहीं आणि न नाहीं, तिच्यांतल्या मुलास माहेश्वर सूत्रें पढवूं गेल्यास पहिल्याच सूत्रावर गाडी अडावयाची! या लोकांपुढील संकट कादंबरींतल्याहून मोठें होतें. त्यांची वस्ती त्सुनामीच्या लाटेच्या टप्प्यांत होती. २०१२ सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायदा करून शेजारच्या राष्ट्रीय उद्यानांतील सुमारें ७८५ एकर जमीन त्यांस दिली, आणि २०२२ सालीं त्यांची शाळा उंचावरील नव्या इमारतींत गेली. पुस्तक वाचणाऱ्या मुलींस हेंही कळलें तर त्यांच्या मनांतला जेकब अधिक खरा होईल.

आतां भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. पुस्तक मुलीस परत द्यावें, आणि तें मामंजींनींच स्वतःच्या हातानें द्यावें. ज्यांनीं घेतलें त्यांनींच दिल्यावांचून चहाचा पेला पूर्ववत् यावयाचा नाहीं. सूनबाईंनीं मध्यस्थी करून तें गुपचूप कपाटांतून काढूं नये. तसें केल्यास मुलगी आईकडून लपवाछपवीच शिकेल. देतांना उपदेश नको. आठवड्यानें एवढेंच विचारावें कीं, तो रात्रीं खिडकींतून आलेला तुला कसा वाटला? आणि मग गप्प बसून ऐकावें. उत्तर आवडलें नाहीं तरी लगेच तोंड उघडूं नये. मुलगी बहुधा आधीं एडवर्डची बाजू घेईल. घेऊं द्यावी. दुसऱ्या वेळीं ती जें बोलेल तें अधिक विचारानें बोलेल, असा चाळीस वर्षें मुलांत वावरल्यामुळें आमचा अनुभव आहे.

दुसरा भाग तिनें वाचावा, पण घरांतलें कोणी तरी त्याच सुमारास वाचीत असावें, म्हणजे कोऱ्या पानांपाशीं ती एकटी राहणार नाहीं. एखादी मुलगी आधींच उदास असेल, जेवतखात नसेल, बोलत नसेल, तर मात्र तो भाग मागें ठेवून प्रथम मुलीकडे पाहावें. तिसरा भाग चालेल. चौथा भाग आम्ही सोळा-सतरा वर्षांपूर्वीं देणार नाहीं. त्यांत लग्न आहे, त्यानंतरचें आहे, आईचा जीव घेणारें गरोदरपण व बाळंतपण आहे, आणि नुकत्या जन्मलेल्या मुलीशीं एका तरुणाचें आयुष्य बांधून टाकणारी एक कल्पना आहे, जी आमच्या पोटांत ढवळून गेली. बालविवाहाविरुद्ध ज्या समाजानें शंभर-सव्वाशें वर्षें झगडा केला, त्याच्या मुलींनीं ती वाचावी तेव्हां तिच्याशीं भांडण्याइतकें वय तरी असावें.

आणि मामंजींस एक विनंति. त्यांनीं पहिला भाग वाचावा. मराठी अनुवाद न शोधतां मूळच वाचावा. इंग्रजी मॅट्रिकच्या तयारीपुरतें ज्यास येतें त्यास तें जड जाणार नाहीं. छापील अक्षर बारीक आहे, पण हल्लीं हींच पुस्तकें टॅब्लेटवर अक्षर हवें तितकें मोठें करून वाचतां येतात. तें कसें करावें हें घरांत सर्वांत चांगलें कोणास ठाऊक आहे, हें भगिनींस आम्हीं सांगावयास नको. मामंजींनीं तिलाच बोलावून विचारावें.